उजळणीसाठी प्रश्नमंजूषा

उजळणीच्या वेळी वर्गातील चारदोन हुशार मुलांचेच हात वर होतात. मागील ओळ मूक राहते. उजनीकाठच्या शाळांत प्रश्नमंजूषेचा खेळ घेताना हाच दोष टाळावयाचा आहे.

शिक्षकाने वर्गाचे चार गट करावेत. प्रत्येक गटात सर्व तऱ्हेची मुले असावीत. प्रश्न विचारल्यावर गटाने मिनिटभर आपसांत विचार करावा. उत्तर कोणी द्यावयाचे ते मात्र चिठ्ठी काढून ठरवावे. मग हुशार मूल शेजाऱ्यास आपण होऊन समजावून देते.

प्रश्नांचा आरंभ परिसरापासून व्हावा. ‘उजनी धरण कोणत्या नदीवर आहे?’ भीमा. ‘जलाशयाचे नाव काय?’ यशवंतसागर. ‘भीमा पुढे कोणत्या नदीस मिळते?’ कृष्णेस. ‘धरण १९८० साली पूर्ण झाले, त्यास किती वर्षे झाली?’ येथे गणिताचीही उजळणी होते. शेवटी कारण विचारावे : ‘उन्हाळ्यात बुडालेल्या जुन्या गावांचे अवशेष उघडे का पडतात?’ आजोबांकडून ऐकलेले मागच्या ओळीतील मूलही येथे बोलू शकते.

चुकीच्या उत्तरास गुण वजा करू नयेत, कोणास हसू देऊ नये. ते उत्तर टिपून ठेवावे व दुसऱ्या दिवशीचा पाठ तेथूनच सुरू करावा. कोणता गट जिंकला यापेक्षा कोणते मूल प्रथमच बोलले, हे अधिक महत्त्वाचे होय.