वावर तुझं, हरीण सरकारचं

लेकरा, दरेगावच्या अंगाचं ते वावर आता तुझ्या नावावर झालं. फेरफार झाला, सातबारा हाती आला. एमआयडीसीतली पाळी सांभाळून शेती करतो म्हणतोस, तर कर. खता-बियाण्याचं सांगायला जालन्यात माणसं पुष्कळ भेटतील. मी सांगतो ते हरणांचं, कारण तुझं सोयाबीन दोन पानांवर आलं की पहिला पाहुणा हरीणच येणार.

आधी हे पक्कं डोक्यात घे. जमीन तुझी आहे, पण तिच्यात चरणारं हरीण तुझं नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट आणि चिंकारा दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत. मारलं तर कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं आत, वर दंड. आणि कायद्यात शिकार म्हणजे नुसती गोळी नव्हे. फास लावणं, जाळं टाकणं, आमिष ठेवणं, मारण्यासाठी हाकून नेणं, नुसता प्रयत्न करणं, सगळं शिकारीतच धरतात. मटण घरात सापडलं तरी गुन्हा. रात्री मोटारसायकलवर बॅटरी आणि कुत्रे घेऊन कोणी आलं, ‘मालक, तुमच्या रानातून जातो, वाटा ठेवतो’ म्हणालं, तर धुऱ्यावरूनच परत लाव. मालकाच्या ‘हो’ला तिथं काही किंमत नाही. उलट तूच त्यांच्यासोबत अडकशील.

परदेशात राहणारे आपले नातेवाईक वेगळं सांगतात, ते ऐकून गोंधळू नकोस. अमेरिकेत हरीण राज्याचं, पण हंगाम ठरलेला असतो, परवाना मिळतो, आणि टेक्सासमध्ये तर शेतमालक आपलं रान शिकाऱ्यांना हंगामापुरतं भाड्यानं देतात. जर्मनीत शिकारीचा हक्क जमिनीलाच चिकटलेला. मात्र तो स्वतः वापरायला सलग 75 हेक्टर लागतात. त्याहून लहान मालकांचं गावागावांत मंडळ असतं, आणि ते मंडळ हक्क खंडानं देतं. आपल्याकडेही कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळवीट धरायचे. ते दिवस गेले, आणि बरं झालं गेले. माळावर उधळलेला काळविटांचा कळप ज्यानं पाहिला, त्याला ते मारावंसं वाटू नये असं मला मनापासून वाटतं. त्यांचे माळ आणि गायरानं आपणच नांगरली. उरलेल्यांवर कारखाने आले, ड्रायपोर्ट आला, समृद्धी महामार्ग आला. त्यांनी जायचं कुठं?

तरी पीक राखायला हवंच. त्यासाठी आधी नुकसान कोणी केलं ते ओळखायला शीक, कारण जनावरागणिक कायदा बदलतो. सकाळी ऊन चढायच्या आत तासांमधून फिर. काळवीट कोवळे शेंडे खुडतं, खोड उभं राहतं. खुराची खूण लहान, पुढं टोकदार. रोही, म्हणजे नीलगाय, मोठं धूड, त्याचा खूर रुंद उमटतो. ते झाडं मोडून, तुडवून जातं आणि एकाच जागी रोज लेंड्यांचा ढीग घालतं. रानडुकरानं तर जमीनच उकरलेली दिसेल, मका आडवा पडलेला दिसेल.

रोही आणि रानडुकराचं प्रकरण वेगळं आहे. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर त्यांच्यासाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. पण परवानगी लेखी हवी, आणि बंदूक परवान्याची. मेलेलं जनावर सरकारचंच राहतं, त्याचा पंचनामा होतो. काळविटासाठी असा अर्ज करायच्या भानगडीत पडू नकोस. त्याला फक्त अडवायचं.

अडवायचं कसं? हरभरा पेरशील तेव्हा चारी बाजूंनी करडईच्या पाच-सहा ओळी घाल. करडई काट्यावर आली की जनावर तोंड घालायला कचरतं, आणि तेलाचं बी वरून मिळतं. खरिपात धुऱ्याला जुन्या साड्या बांध, पण दर आठ-दहा दिवसांनी जागा आणि रंग बदल; एकच साडी महिनाभर फडफडत राहिली की हरणं तिच्याखालून चरतात. पैसा असेल तर सौरऊर्जेची झटका मशीन घे. ती थांबून थांबून झटका देते, जीव घेत नाही. तारेखालचं गवत मात्र सारखं कापत राहा. ओलं गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत उतरतो आणि कुंपण नुसतं शोभेचं उरतं.

तारेत थेट लाईटचा करंट सोडायचा विचार कधी, कधीच करू नकोस. हरीण मरायच्या आधी पहाटे पाण्याची मोटर चालू करायला जाणारा शेजारी मरतो. मग मनुष्यवधाचा गुन्हा, वीजचोरीचा वेगळा.

एवढं करूनही पीक खाल्लं तर रडत बसू नकोस आणि चिडून नांगरही घालू नकोस. नुकसानभरपाई हा तुझा हक्क आहे. रानडुक्कर आणि रोह्याबरोबर हरणाच्या नुकसानीलाही ती मिळते. घटना घडल्यापासून तीन दिवसांच्या आत वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र अधिकारी, जो जवळ असेल त्याच्याकडे तक्रार दे आणि पोच घे. सातबारा, आठ-अ, बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स आणि फोटो सोबत जोड. पंचनाम्याला वनखात्याचा माणूस येतो, ग्रामसेवक आणि कृषी खात्याचाही असतो. तो होईपर्यंत खाल्लेल्या ओळी तशाच ठेव. ई-पीक पाहणी वेळेवर नोंदव; सातबाऱ्यावर सोयाबीन नसेल तर रानातलं सोयाबीन दाखवून कोणी मानत नाही. वावर बटईनं देणार असशील तर नोंद कोणाच्या नावावर आणि भरपाई कोणाची, हे पेरणीआधीच बोलून घे.

आणखी एक. पिकात निपचित पडलेलं पाडस दिसलं तर ते टाकून दिलेलं नसतं. आईच त्याला लपवून चरायला जाते आणि पाजायला परत येते. हात लावू नकोस, फोटोसाठी उचलू नकोस, घरी तर मुळीच आणू नकोस. एमआयडीसीकडून मोकाट कुत्री येतात, तेवढी हाकलून दे आणि तू लांब हो. जखमी असेल किंवा विहिरीत पडलं असेल तर वनखात्याच्या 1926 वर फोन लाव.

विहिरीवरून आठवलं, तुझ्या विहिरीला कठडा नाही. उन्हाळ्याच्या आत कंबरेएवढा बांधून घे. गवंडी मी पाठवतो.