लॅपटॉपची रॅम आणि वाढीव हमी : एक हिशेब

घरात पहिलाच लॅपटॉप घ्यावयाचा म्हणजे लहानसे कार्यच असते. भाव ठरला, पैसे मोजणार इतक्यात विक्रेत्याने दोन प्रश्न टाकले : "रॅम आठ ठेवायची की सोळा? आणि दोन वर्षांची वाढीव वॉरंटी लावू ना?" वडिलांनी माझ्याकडे पाहिले. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला हे ठाऊक असणारच, असे त्यांना वाटले असावे. मला ठाऊक नव्हते. आम्ही तसेच परत आलो. पुढील आठवड्यात जे वाचले व विचारले, ते येथे मांडते.

रॅम आणि साठवण यांत पुष्कळांची गल्लत होते. फडताळ म्हणजे साठवण, आणि ओटा म्हणजे रॅम. फडताळ कितीही मोठे असले तरी एका वेळी काम होते ते ओट्यावर मावेल तेवढेच. ओटा भरला की यंत्र काही जिन्नस परत फडताळात ठेवते व लागतील तेव्हा पुन्हा काढते. या ये-जा करण्यात ते मंदावते. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी सांगितली आहे, पण तेवढ्यावर ती कशीबशी चालते. टंकलेखन, वाचन, ब्राउझरची पाच-दहा पाने यांना ८ जीबी पुरते. चित्रफितींचे संपादन करणाऱ्याने १६ घ्यावी.

तथापि खरा प्रश्न किती हा नसून, पुढे वाढवता येईल का, हा आहे. काही लॅपटॉपांत रॅमची पट्टी खाचेत बसवलेली असते. ती बदलता येते. काहींत चिप मूळ फलकावरच डाखलेली असते. एलपीडीडीआर असे लिहिले असेल तर जवळजवळ नेहमी हाच प्रकार. ॲपलच्या मॅकबुक एअरमध्येही रॅम मागाहून वाढवता येत नाही. अशा यंत्रात आज घेतलेली रॅम शेवटपर्यंत तेवढीच. खाच असली तरी डीडीआर ४ च्या खाचेत डीडीआर ५ ची पट्टी बसत नाही, हेही पाहावे.

आता हमी. ती बहुधा एक वर्षाची मूळ किमतीतच असते. वाढीव हमीला, समजा, ४,००० रुपये पडतात आणि मोठ्या दुरुस्तीला १६,०००. मग त्या वाढीव काळात बिघाडाची शक्यता चारांत एक असेल तरच बरोबरी होते. शिवाय ही हमी यंत्राच्या दोषाची. चहा सांडला, हातातून पडले, तर त्याचे संरक्षण निराळे विकत घ्यावे लागते. बॅटरीही पुष्कळदा वगळलेली असते. अर्थशास्त्रज्ञ अकरलॉफ यांनी १९७० साली दाखविले की विकणाऱ्याला मालाची माहिती घेणाऱ्यापेक्षा अधिक असते, आणि हमी हा त्यावरचा एक उपाय. पण निराळे पैसे घेऊन विकलेली हमी हा विक्रेत्याचा आणखी एक मालच नव्हे काय? अर्थात ज्या घरात एकदम १६,००० निघणारच नाहीत, तेथे नुसत्या सरासरीचा हिशेब अपुरा पडतो. आमचे घर त्यांतलेच. म्हणून मी येथे बराच वेळ अडले.

वाट सापडली ती एका बारीक अक्षरांतील अटीत. अनेक कंपन्या मूळ हमी संपेपर्यंत केव्हाही वाढीव हमी देतात. म्हणजे डाखलेल्या रॅमचा निर्णय दुकानातच करावा लागतो, हमीचा नाही.

आम्ही ८ जीबीचा, एक खाच रिकामी असलेला लॅपटॉप घेतला. मूळ हमी संपण्याची तारीख वडिलांनी पावतीच्या मागे लिहून ठेवली आहे.