आत काय बोललास?

मुलाला समुपदेशकाकडे न्यायचं ठरतं, फोन करून वेळही मिळते, आणि मग रात्री ओटा आवरताना नवरा-बायकोची कुजबुज सुरू होते. "त्याला काय सांगायचं?"

आपण बहुतेक जण काय सांगतो? "एक मावशी आहेत, त्यांच्याकडे मस्त खेळणी आहेत." नाहीतर, "चल, फिरून येऊ, येताना आईस्क्रीम खाऊ." हेतू वाईट नसतोच. पोर घाबरू नये, एवढंच मनात असतं. शिवाय 'समुपदेशक' हा शब्द आपल्याही तोंडातून निघत नसतो. पण नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दारावरची पाटी वाचता येते. आईस्क्रीमचा बेत तिथेच फसतो आणि 'आई थापा मारते' एवढं मात्र लक्षात राहतं.

मला विचाराल तर सरळ सांगितलेलं बरं. "शाळेत जायच्या वेळी तुझं पोट दुखतं ना? डॉक्टरांनी तपासलं, पोटात काही बिघाड नाही म्हणाले. पण तुला दुखतं हे खरं आहे. मनात काळजी साठली की कधी कधी असं दुखतं. त्याबद्दल मुलांशी बोलणाऱ्या एक ताई आहेत. आपण सगळे त्यांना भेटून येऊ." यातलं 'आपण सगळे' सोडू नका. 'तुला दाखवून आणायचंय' म्हटलं की मूल समजायचं ते समजतं. सांगायचं तेही एक-दोन दिवस आधी. आठवडाभर आधी सांगितलं तर काळजी करणारं मूल आठवडाभर तेवढंच करत बसेल, आणि ऐन वेळी रिक्षात सांगितलं तर दगा दिल्यासारखं वाटेल.

"मी मेंटल आहे का?" असं त्याने विचारलं तर दचकू नका. शाळेच्या मैदानात ही शिवीच आहे, त्याच्या कानावर ती शंभरदा पडलेली असते. "नाही रे राजा. तुला त्रास होतोय आणि त्यावर इलाज आहे, म्हणून जातोय." एवढं पुरतं. त्यावर भाषण नको.

मग घरातली बाकी मंडळी. आजी म्हणतात, "आम्ही पाच-पाच पोरं वाढवली, असलं काही लागलं नाही." मामीला शंका, "तसल्या गोळ्या देतात का गं?" एखाद्या काकांना थेट लग्नाची काळजी. चौथीतल्या पोराच्या लग्नाची! यातलं कुणी दुष्ट नाही, सगळ्यांना ते पोर आपलंच वाटतं. त्यांच्याशी वाद घालत बसायची ताकद आपल्यात उरलेली नसते, म्हणून एक वाक्य तयार ठेवावं: "शाळेचा ताण येतोय, त्यासाठी एका तज्ज्ञांकडे जातोय." जास्त कुणाला सांगायचं असेल तर आधी मुलाला विचारावं. आपण बहिणीला सगळं सांगून मन मोकळं करतो, आणि पुढच्या रविवारी मावसभाऊ त्याला सगळ्यांदेखत विचारतो, "तू त्या डॉक्टरकडे जातोस ना?"

नक्की कुणाकडे जायचं, हा गोंधळही सगळ्यांचाच होतो. थोडक्यात सांगते. सायकिअॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर. औषध लागलं तर ते लिहून देणार हेच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतात, बोलून आणि वागणुकीवर काम करून उपचार करतात, औषधं देत नाहीत. त्यांची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते, आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात काही उद्धटपणा नाही. 'समुपदेशक' ही पाटी मात्र कुणीही लावू शकतं, अगदी दोन महिन्यांचा कोर्स केलेलं माणूससुद्धा. म्हणून शिक्षण काय, लहान मुलांबरोबर किती वर्षं काम केलंय, हे फोनवरच विचारावं. फी किती, वेळ रद्द केली तर पैसे जातात का, हेही तेव्हाच. आपण भिडेपोटी विचारत नाही आणि मग महिनाअखेरीला जीव कासावीस होतो. ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग असतो. रांग असते, पण केसपेपर मोफत किंवा नाममात्र पैशांत निघतो.

पहिल्या भेटीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तिथे आपली तयारी सगळ्यात कमी पडते. आपल्याला वाटतं, मुलाला आत नेतील आणि काय ते विचारतील. प्रत्यक्षात प्रश्नांची सरबत्ती आपल्यावर होते. बाळंतपण कसं झालं? चालायला, बोलायला कधी लागला? झोपतो कसा, कुणाजवळ? खातो काय? शाळा बदलली का? घरात आजारपण, मृत्यू, कर्ज, भांडणं? तुमच्या माहेरी, सासरी कुणाला असा त्रास होता का? दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला आई अडखळते. बाबा म्हणतात, "तसं सगळं नॉर्मल आहे." मग घरी परतताना आई विचारते, "नॉर्मल काय? मागच्या वर्षी तुझी नोकरी गेली होती ते?"

त्या खुर्चीत बसल्यावर प्रत्येक प्रश्न आरोपासारखा वाटतो. 'तुम्ही नोकरी करता का?' हे साधं विचारणंही आईच्या काळजात रुततं. मलाही रुतलं होतं. आमची लेक तेव्हा पाचवीत होती. नंतर कळलं, हे प्रश्न प्रत्येक घराला विचारतात. पोटदुखी कधी सुरू झाली आणि त्या सुमारास घरात काय चाललं होतं, हे जुळवून पाहिल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नाही. पहिल्या एक-दोन भेटी यातच जातात. निदान लगेच हातात पडत नाही. जे दहा मिनिटांत निदान देऊन मोकळे होतात, त्यांच्याबद्दल मला तरी जरा शंकाच येईल.

जाताना जुने रिपोर्ट, चालू औषधांची चिठ्ठी आणि शाळेचं प्रगतिपुस्तक न्यावं. आधीच्या आठवड्यात डायरीत चार ओळी लिहून ठेवल्या तर फार उपयोग होतो: पोट कुठल्या दिवशी दुखलं, किती वाजता, रविवारी दुखलं का. तिथे गेल्यावर डोकं रिकामं होतं, हा अनुभव आहे. आणखी एक, मुलासमोर त्याच्या तक्रारींचा पाढा वाचू नये. काही बोलायचं असलं तर वेगळा वेळ मागावा, तो मिळतो.

मग मूल एकटं आत जातं. पंचेचाळीस-पन्नास मिनिटांनी हसत बाहेर येतं आणि सांगतं, "आम्ही सापशिडी खेळलो!" आपल्या पोटात खड्डा पडतो. ऑफिसातून अर्धी रजा, ट्रॅफिक, बुडलेला क्लास, एवढी फी, आणि सापशिडी?

'डिअर जिंदगी' सिनेमातले डॉक्टर गोव्याच्या किनाऱ्यावर फिरता फिरता आयुष्य उलगडून दाखवतात. आपल्या वाट्याला घरघरणारा पंखा, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि सापशिडी येते. पण लहान मुलाला 'तुला कसली भीती वाटते?' असं समोर बसवून विचारलं तर ते 'माहीत नाही' म्हणतं, आणि त्याला खरंच माहीत नसतं. खेळताना ते हरल्यावर काय करतं, नियम कधी मोडतं, चित्रात शाळा काढताना कुठला कोपरा काळा करतं, यातून ते बोलत असतं. खेळातून उपचाराची ही पद्धत जुनी आहे. व्हर्जिनिया अॅक्स्लाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९४७ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यात उपचारकासाठी आठ तत्त्वं आहेत, आणि एक तत्त्व असं की उपचाराची घाई करायची नाही. ते उपचारकांना सांगितलंय, पण बाहेरच्या बाकावर बसलेल्या आपल्यालाही लागू आहे.

ओळख झाली, विश्वास बसला, की प्रत्यक्ष काम सुरू होतं. भीतीवर काम करताना बहुतेकदा पायऱ्या आखतात. आज फक्त शाळेच्या फाटकापर्यंत जायचं. ते जमलं की वर्गाच्या दारापर्यंत. मग पहिला तास. प्रत्येक पायरीवर थोडी भीती वाटणार, ती वाटू द्यायची आणि ओसरेपर्यंत थांबायचं. इथे अडचण मुलापेक्षा आपली होते. त्याचे डोळे भरले की "जाऊ दे, आज नको जाऊस" हे शब्द ओठांवर येतातच. आपण दयेने सूट देतो, आणि भीती एक पाऊल पुढे सरकते.

आता तो प्रश्न. स्कूटरवर मागे बसवलं, हेल्मेट घातलं, गाडी पहिल्या सिग्नलला थांबली की आपण विचारतोच: "आत काय बोललास?" आवाज अगदी सहज ठेवतो. आणि जोडीला, "माझ्याबद्दल काही बोललास का?"

हा प्रश्न गिळणं, मला वाटतं, या सगळ्यातलं सर्वात अवघड काम आहे. ज्याला न्हाऊ-माखू घातलं, त्याने एका परक्या बाईला काहीतरी सांगितलं जे आपल्याला सांगितलं नाही. वाईट वाटतंच. थोडा मत्सरही वाटतो, तो कबूल करायला हरकत नाही. पण आपल्याशी न बोलण्याचं कारण पुष्कळदा आपल्यावरची मायाच असते. 'आई आधीच दमलेली असते, तिला आणखी कशाला सांगू' असा हिशेब मुलं लहानपणीच करायला लागतात. आत जे बोललं ते बाहेर जात नाही, एवढ्या भरवशावरच ती तिथे तोंड उघडतात. रोज सिग्नलला उलटतपासणी झाली, तर पुढच्या वेळी तीच उत्तरं तयार करून आत जातील.

म्हणजे आपल्याला काहीच कळणार नाही का? तसं नाही. काय गुप्त राहील आणि काय आई-बाबांना सांगावं लागेल, हे चांगले थेरपिस्ट सुरुवातीलाच मुलासमोर सांगतात. त्यांनी सांगितलं नाही तर आपण विचारावं. मुलाच्या जिवाला धोका असेल तर ते पालकांपासून लपवत नाहीत. लैंगिक अत्याचाराची गोष्ट पुढे आली तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांकडे कळवणं त्यांना बंधनकारक आहे. बाकी मुलाची प्रगती कुठवर, घरी काय बदलायला हवं, हे ते अधूनमधून बोलावून सांगतात. तेवढ्यावर समाधान मानायला शिकावं लागतं. स्कूटरवर "वडापाव खायचा का?" हा प्रश्न चालतो.

आणि घरी काय बदलायचं, ही यादी येतेच. मुलाला इस्त्रीला टाकलेल्या शर्टासारखं तिथे सोडायचं आणि तासाभराने सरळ झालेलं घेऊन यायचं, अशी आपली छुपी अपेक्षा असते. त्याऐवजी आपल्यालाच गृहपाठ मिळतो. सकाळी साडेसहाचा आरडाओरडा थांबवा. मार्कांची तुलना बंद करा. रात्री दहा मिनिटं मोबाइल बाजूला ठेवून नुसतं त्याच्याजवळ बसा. वाचायला सोपं आहे. डबा, पाणी, लोकल, सासऱ्यांचं पथ्य हे सगळं सांभाळून करून पाहा! सगळं जमत नाही. यादीतलं एक निवडून तेवढं धरून ठेवलं तरी चालतं, आणि 'बाकीचं नाही जमलं' हे थेरपिस्टला खुशाल सांगावं.

किती दिवस लागतील, हे विचारल्यावर ठाम आकडा मिळणार नाही. मधल्या काळात एखादं गुणी, गप्प मूल अचानक उलट बोलायला लागतं आणि आजी म्हणतात, "बघ, बिघडवलं त्या बाईने." आत दाबलेलं आधी असंही बाहेर येऊ शकतं. थेरपिस्टला कळवा, पण घाबरून बंद करू नका. पोटदुखी थांबली की परस्पर जाणं बंद करणं, हेही आपण सर्रास करतो. शेवटच्या भेटी मुलाला नीट निरोप घेता यावा म्हणूनही असतात. औषध चालू असेल तर ते मनाने बंद करणं तर मुळीच नको.

कधी कधी मात्र सूर जुळतच नाही. मूल आत जायला तयार नाही, किंवा प्रत्येक भेटीनंतर आपल्यालाच अपराधी वाटतं. तीन-चार भेटी देऊन पाहाव्यात, मग स्पष्ट बोलावं आणि बदलावं. दाताचा डॉक्टर आपण बदलतो, मग इथेच कसली भीड?

मूल मरणाबद्दल बोललं, स्वतःला इजा करताना दिसलं, तर पुढच्या मंगळवारच्या अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही. त्याला एकटं सोडू नका, जवळच्या रुग्णालयात त्याच रात्री न्या. आणि ज्यांचं 'दाखवावं की नको' इथेच अडलंय, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ला ती सुरू झाली. क्रमांक १४४१६, चोवीस तास चालू, फोन मोफत, मराठीत बोलता येतं. तिथे पालकांनीही फोन केलेला चालतो. मुलं झोपल्यावर करा हवं तर. आणि पहिल्या भेटीची तारीख ठरली की त्या दिवशीची रजा बाबांनाही टाकायला लावा.