चढ, चाक आणि वीज

डोंगराच्या रस्त्याने सायकल चढवणाऱ्यास पदार्थविज्ञानाचा एक पाठ पुस्तकावाचूनच मिळतो. वजन उंचीवर न्यावयाचे, तर त्याचे मोल कार्याच्या रूपाने पुरेपूर चुकते करावे लागते. हल्ली वजनाने हलक्या अशा विद्युत्-सायकली निघाल्या आहेत. त्यांच्यामुळे हे मोल माफ होते काय, की ते देणाऱ्यांत केवळ एकाची भर पडते, हे आपण हिशेबाने पाहू या.

उदाहरणादाखल फ्रान्समधील आल्प द्युएझ हा प्रसिद्ध घाट घेऊ. 'टूर द फ्रान्स' या शर्यतीत तो प्रथम १९५२ साली आला आणि त्या दिवशी इटलीचा फाउस्तो कोप्पी विजयी झाला. २१ वळणांचा हा रस्ता १३.८ किलोमीटर लांब असून त्याचा सरासरी चढ शेकडा ८.१ आहे. पायथ्यापासून माथ्यापर्यंतची उंची सुमारे १,१०० मीटर भरते.

स्वाराचे वजन ६५ किलोग्रॅम, सायकलीचे १३ आणि कपडे, पाणी इत्यादींचे २, असे एकूण ८० किलोग्रॅम धरू. ८० ला ९.८ ने व नंतर १,१०० ने गुणले असता ८,६२,४०० ज्यूल येतात. म्हणजेच सुमारे २४० वॉट-तास. हे कार्य पायांनी केले की विजेने, याच्याशी डोंगरास काही कर्तव्य नाही.

शर्यतीची साधी सायकल ७-८ किलोग्रॅमची असते, तर नेहमीची विद्युत्-सायकल २० ते २५ किलोग्रॅमची. हलकी विद्युत्-सायकल या दोहोंच्या मध्ये, १२ ते १४ किलोग्रॅमची असते आणि तिची बॅटरी बहुधा २५० वॉट-तासांच्या आसपास असते. यावर कोणी म्हणेल, "मग स्वस्थ बसूनच वर जाता येईल की!" परंतु तसे नाही. विजेचा काही अंश मोटरमध्ये उष्णतारूपाने वाया जातो; टायरचे घर्षण व वाऱ्याचा विरोध हेही आपला वाटा मागतात. शिवाय युरोपातील नियमानुसार अशा सायकलीची मोटर पेडल मारले तरच साह्य करते. तिची अखंड शक्ती २५० वॉटपेक्षा अधिक नसते, आणि वेग ताशी २५ किलोमीटर झाला की तिचे साह्य थांबते.

समजा, स्वार सतत १५० वॉट शक्ती लावू शकतो. एकट्याच्या बळावर तो हा घाट ताशी सुमारे ८ किलोमीटर वेगाने चढेल व त्यास पावणेदोन तासांच्या जवळपास लागतील. मोटरने आणखी १५० वॉटची भर घातली, तर वेग ताशी १५ किलोमीटरच्या आसपास जाईल आणि तासाभराच्या आतच माथा गाठता येईल. बॅटरीतून सुमारे १७० वॉट-तास खर्च होतील. म्हणजे दोघांनी निम्मानिम्मा भार उचलला तरच बॅटरी माथ्यापर्यंत पुरून थोडी शिल्लक उरते.

हलकेपणाचे महत्त्व येथे कळते. १३ ऐवजी २५ किलोग्रॅमची सायकल घेतली, तर केवळ त्या जादा वजनासाठी ३६ वॉट-तास अधिक लागतील. सपाटीवर साह्य थांबल्यावर ते ओझे स्वारालाच वाहावे लागते, ते निराळेच.

तीव्र चढावर गिअर वेळीच हलका करावा. मोटर पेडलच्या आसाशी असेल, तर गिअरचा लाभ तिलाही मिळतो. ती मागील चाकाच्या मध्यभागी असेल, तर चाक अगदी संथ होऊ देऊ नये. संथ गतीत भार पडला की मोटर तापते व वीज फुकट जाते. उतरताना चढणीत साठलेली सर्व ऊर्जा जिरवावी लागते आणि तिचा मोठा भाग ब्रेकवर पडतो, म्हणून निघण्यापूर्वी ब्रेक तपासावेत.

असे साह्य घेणे कमीपणाचे आहे काय? जानेवारी २०१६ मध्ये बेल्जियममधील झोल्डर येथे जागतिक सायक्लोक्रॉस स्पर्धेत एका स्पर्धक युवतीसाठी आणलेल्या सायकलीत दडवलेली मोटर सापडली व तिच्यावर सहा वर्षांची बंदी आली. तेथे दोष विजेचा नव्हता. स्वतःच्या बळाची कसोटी चालू असता परक्या बळाचा हिशेब लपवण्याचा होता. उलट, वयाने थकलेले आजोबा हीच मोटर उघडपणे वापरून नातवाबरोबर घाट चढले, तर त्यांनी कोणाचे काहीच हिरावले नाही. त्यांच्या वाटचे निम्मे श्रम तर त्यांनी केलेलेच असतात.

पणजी-बेळगाव मार्गावरील चोर्ला घाट आपणांपैकी अनेकांच्या परिचयाचा आहे. त्याच्या अथवा आपल्या गावच्या एखाद्या चढणीच्या पायथ्याची व माथ्याची उंची नकाशावरून काढा, आपले व सायकलीचे वजन करा आणि वरीलप्रमाणे गणित मांडा. पुढच्या वेळी ती चढण चढताना आपले पाय नेमके किती कार्य करीत आहेत, हे तुम्हांस आकड्यांत सांगता येईल.