औंधमध्ये ३ खोल्या: आधी रात्री मोजा, मग रंग निवडा

सातारा जिल्ह्यातल्या औंधचं श्री भवानी संग्रहालय बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभं केलं. राजा रविवर्म्याची चित्रं, हेन्री मूरचं शिल्प तिथं आहे.

समजा, शेजारी तुम्ही ३ देखण्या खोल्या काढताय. भाडं १,५०० धरा. महिन्यात १० रात्री तिन्ही भरल्या, तर जमा ४५,०००. त्यातून हप्ता, पगार, लाईटबिल, नाश्ता वजा करा. काही उरतंय का?

माझ्या दुकानात मी आधी फर्निचरवर पैसे घातले आणि मालाला कमी पडले. तुम्ही ते करू नका. साताऱ्या-सांगलीचा पाहुणा संध्याकाळी घरी न जाता का थांबेल? पहाटे यमाईचा डोंगर, चुलीवरची भाकरी, अंगावर माणदेशी घोंगडं. आधी एकच खोली सुरू करा.