अलंकार व त्यांतील अर्थ

आपल्या इंदापूर-बारामतीच्या बाजूस एखाद्या जुन्या घरांतील आजीबाईंची पेटी उघडून पाहण्याचा योग आला, तर तींतील दागिन्यांचीं नांवें लक्षपूर्वक ऐकावीं. जोंधळी पोत, बोरमाळ, जवमाळ, पायांच्या बोटांतल्या मासोळ्या! शेतांत, बांधावर व नदीच्या डोहांत जें दिसतें, तेंच सोनाराच्या हातून सोन्याचांदीचें होऊन अंगावर आलें आहे. लोणी देवकरचा टापू मूळचा कमी पावसाचा. उजनीचें पाणी व ऊस या अलीकडच्या गोष्टी. ज्या भूमींत जोंधळा पिकला तर वर्ष निभावलें, न पिकला तर गुरें विकावीं लागलीं, तेथील स्त्रीनें जोंधळ्याच्या दाण्याएवढे सोन्याचे मणी ओवून गळ्यांत घालावे, यांत नुसती हौस आहे असें मला वाटत नाहीं. घरांत धान्य राहो, अशी ती एक मुकी प्रार्थनाच आहे.

विद्यार्थिमित्रांनो, अर्थाकडे वळण्यापूर्वीं दागिना घडतो कसा तें थोडक्यांत पाहूं. शुद्ध, म्हणजे २४ कॅरटचें सोनें फार मऊ असतें. त्याचा दागिना वापरांत टिकत नाहीं. म्हणून त्यांत तांबें व चांदी मिसळतात. २२ कॅरटच्या सोन्यांत २४ भागांपैकीं २२ भाग सोनें, म्हणजे शेंकडा सुमारें ९१.६ असतें, हल्लीं दागिन्यावर ‘९१६’ असा अंक उमटविलेला दिसतो तो यावरूनच. सोनार हें सोनें मुशींत वितळवितो, ऐरणीवर ठोकून त्याचा पत्रा करितो, किंवा जंतराच्या छिद्रांतून ओढून तार काढितो. बोरमाळेचा मणी करावयाचा तर पातळ पत्रा ठशांत दाबून त्याच्या दोन वाट्या करितात, टांकणखार लावून त्या डागानें सांधतात, आणि आंतल्या पोकळींत लाख भरितात. लाखेमुळें मणी दबत नाहीं, आणि थोडक्या सोन्यांत गळा भरून दिसतो. पूर्वीं ८ गुंजांचा एक मासा व १२ माशांचा एक तोळा धरीत. हा तोळा सुमारें ११.६६ ग्रॅमचा असे. आजचे सराफ दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात. गरीब कुणबिणीला पांच-सात तोळे कोठून मिळणार? तिच्यासाठींच कारागिरानें ही पोकळ मण्यांची युक्ति काढली असावी, असें त्या माळा हातीं घेतां मनांत येतें.

कांहीं दागिन्यांत अर्थ संख्येनें बांधलेला असतो. कोल्हापुरी साजाचें उदाहरण घ्या. परंपरेनें त्यांत एकवीस पानें सांगतात. दहा पानें विष्णूच्या दहा अवतारांचीं, आठ अष्टमंगलाचीं, दोन पानें माणिक व पाचू यांचीं, आणि एक डोरल्याचें. पोथी वाचतां न येणारी बाई गळ्यावर बोट फिरवून मत्स्य, कूर्म, वराह असे अवतार मोजूं शकत असे. पाठ्यपुस्तक गळ्यांत घालून हिंडण्याचा हा प्रकार आमच्या विद्यार्थ्यांस आवडेल कीं नाहीं, हें मात्र सांगतां येत नाहीं!

परंतु आपल्या भागांत मागणीबरहुकूम घडविलेल्या पवित्र वस्तूंचा खरा नमुना पाहावयाचा असेल, तर देव्हाऱ्यांतील टाक पाहावे. टाक अंगावर घालीत नाहींत. परंतु तो चांदीच्या पत्र्याचाच असतो, क्वचित् सोन्याचाहि. ठशावर पत्रा ठेवून ठोकला कीं मूर्तीचा उठाव येतो: घोड्यावर बसलेला खंडोबा, शेजारीं म्हाळसा, पायाशीं कुत्रा, वर चंद्रसूर्य. धनगर, मराठे व इतरहि अनेक घराण्यांत हे टाक असतात. सोमवती अमावास्येस जेजुरीचा देव कऱ्हेच्या स्नानास जातो, तेव्हां पुष्कळ कुटुंबें आपले घरचे देवहि भेटीस नेतात. याशिवाय घरांतील मृत पूर्वजाचाहि टाक करण्याची चाल आहे. हातांत शस्त्र घेतलेला घोडेस्वार काढिला म्हणजे तो त्या घराचा वीर. ज्याचें चित्र कोणीं काढिलें नाहीं, ज्याचें नांव कोणत्याहि दप्तरांत सांपडावयाचें नाहीं, असा एखादा पणजोबा त्या बोटभर चांदींत उभा असतो. घासून घासून त्याचें तोंड पुसट होतें. मग पुन्हां सोनाराकडे जाऊन टाक नवा करवून घ्यावा लागतो.

या टाकांची किंमत आपल्या शेजाऱ्यांना कळली ती उजनीच्या वेळीं. १९८० साली पुऱ्या झालेल्या त्या धरणाच्या पाण्याखालीं भीमाकांठचीं कित्येक गांवें गेलीं. आपल्या जवळच्या पळसदेवाचें जुनें देऊळहि बुडालें. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे तें आजहि डोकें वर काढितें. देऊळ उचलून नेतां आलें नाहीं, वाडे नेतां आले नाहींत. देव्हाऱ्यांतले टाक मात्र पदराच्या गांठींत मावले.

आतां मंगळसूत्राविषयीं. काळे मणी दृष्ट लागूं नये म्हणून, आणि दोन वाट्यांपैकीं एक माहेरची व एक सासरची, असा अर्थ आपल्याकडे सांगतात. केरळांतील जुन्या सीरियन ख्रिस्ती कुटुंबांतहि वधूच्या गळ्यांत पानाच्या आकाराचें इवलेंसें सुवर्णपदक बांधितात. त्यावर बारीक मण्यांचा क्रूस असतो, आणि तें ओवण्यास वराकडून आलेल्या विवाहवस्त्राचेच सात धागे काढून दोरा वळितात. धर्म निराळे, परंतु गांठ बांधण्याची कल्पना एकच. मात्र ज्या खुणेला एवढा अर्थ चिकटतो, तीच उलटून दुःखहि देऊं शकते. पति वारल्यावर स्त्रीचें मंगळसूत्र तोडावयाचें, बांगड्या फोडावयाच्या, जोडवीं काढावयाचीं, हें चारचौघांसमक्ष होत आलें आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यांतील हेरवाड गांवानें मे २०२२ मध्यें ग्रामसभेंत ठराव करून हे प्रकार बंद केले. त्याच महिन्यांत राज्य शासनानें परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनींहि तें उदाहरण घ्यावें असें कळविलें. दागिना कोणाचा आणि त्याचा अर्थ ठरविणार कोण, हा प्रश्न एका खेड्यानें विचारला, याचें मला फार अप्रूप वाटतें.

सोनाराच्या धंद्यांतील भक्तीची गोष्ट निघाली म्हणजे पंढरपूरच्या नरहरि सोनारांना वगळून चालावयाचें नाहीं. हे कडवे शिवभक्त. विठ्ठलाच्या देवळांत पाऊल टाकीत नसत. एका सावकारानें नवस फेडण्यास देवाचा करगोटा त्यांच्याकडे घडावयास दिला. आणून दिलेल्या मापाप्रमाणें त्यांनीं तो केला, तर तो आंखूड पडला; दुरुस्त केला, तर सैल झाला. शेवटीं डोळे बांधून ते स्वतः माप घेण्यास गेले. हातांना शंकराचीं चिन्हें लागूं लागलीं. पट्टी सोडून पाहतात तों समोर विठ्ठल. अशी कथा आहे. ती ऐकतांना एक व्यवहाराची गोष्टहि ध्यानांत घ्यावी: दुसऱ्यानें आणलेल्या मापावर दागिना बसत नाहीं. ज्याच्यासाठीं घडवावयाचा, त्याच्याजवळ गेलेंच पाहिजे. नरहरींच्या एका अभंगांत देह, त्रिगुण, विवेक व ज्ञान हीं शेगडी, मूस, हातोडा व ताजवा होऊन येतात. स्वतःच्या हत्यारांतून बोलणारा असा कवि विरळा. आणि त्याच पंढरीच्या वाटेवर, तुकोबांची पालखी इंदापुरास मुक्कामास असते तेव्हां, सर्वांत अर्थपूर्ण कंठभूषण तुम्हांस दिसेल: तुळशीची माळ. तींत गुंजभर सोनें नसतें.

तुमच्यापैकीं कोणाला चित्रकलेच्या वहींत असा एखादा दागिना काढून पाहावयाचा असेल, तर प्रथम फुलापानांची नक्षी काढूं नये. ज्याला द्यावयाचा, त्याच्या आयुष्यांतील एक गोष्ट निवडावी, एकच. शेतकरी आजोबांसाठीं जोंधळ्याचें कणीस चालेल, मोटेचें चाक चालेल. दोन्हीं एकत्र कोंबलीं तर एकहि ओळखूं येत नाहीं. आकार लहान झाल्यावर काय उरेल तें पाहावें, म्हणून चित्र प्रथम खऱ्या मापाचें काढावें. कडा बोचरी नको, लहान मुलाच्या दागिन्यास तर मुळींच नको. मागली बाजू कोरी ठेवावी. पुढें कोणाला तेथें एखादें अक्षर कोरावेंसें वाटेल. वाघनखाचा मोह मात्र धरूं नये. पूर्वीं पोराला भीति वाटूं नये म्हणून खरें नख मढवून गळ्यांत घालीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तो आतां गुन्हा आहे.

त्याच १९७२ सालीं मोठा दुष्काळ पडला. आमच्या आजीची बोरमाळ त्या वर्षीं गहाण गेली. दोन वर्षांनीं सुटून आली तेव्हां चार मणी कमी होते. विचारण्याची सोय नव्हती. पुढें धाकट्या बहिणीच्या लग्नांत ती मोडून नवें कांहीं करावें असें ठरलें. सोनारानें पहिले मणी फोडले, आंतली लाख काढली, आणि ताजव्यांत सोनें टाकून तो गप्प बसला. इतकें तें थोडें होतें. आई म्हणाली, “उरलेले फोडूं नका.” ते मणी बहिणीच्या मंगळसूत्रांत वाट्यांच्या दोहों बाजूंस ओवले आहेत. फोडलेल्या मण्यांतील लाखेचे तुकडे सोनार फेंकून देणार होता. ते आईनें कागदांत बांधून घरीं आणिले.