दान पोचलं पाहिजे

लेकरांनो, आता तुम्ही कमावते झालात. कुठं पूर आला, चक्रीवादळ आलं की तासाभरात तुमच्या मोबाइलवर मदतीची दहा आवाहनं येऊन पडतात आणि तुमचा हात लगेच खिशाकडं जातो. याचं मला फार समाधान आहे. पण देणं वेगळं आणि दिलेलं पोचणं वेगळं. आमच्या पिढीनं १९७२ चा दुष्काळ पाहिला. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, किल्लारीचा भूकंप इथं सोलापुरात अंथरुणात जाणवला. सप्टेंबर २०२५ मध्ये तर सीना नदीनं आपल्याच जिल्ह्यातल्या घराघरांत पाणी घातलं. त्या सगळ्यातून जे हाती लागलं ते सांगून ठेवते.

एक रात्र जाऊ द्या, आठवडा जाऊ देऊ नका

बातमी पाहून गलबलून आलं की माणूस समोर दिसेल त्या क्यूआर कोडवर पैसे टाकून मोकळा होतो. फसवणारे नेमकी हीच घडी गाठतात. एक रात्र थांबा, सकाळी चौकशी करा आणि मग द्या. उलट, ‘बघू, करू’ म्हणत आठवडा घालवलात तर दुसरी बातमी येते, मन तिकडं जातं आणि द्यायचं राहूनच जातं.

संकट कसलं आहे ते बघा

सगळ्या आपत्तींना एकच मदत चालत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. तिथं घरांवरचे पत्रे आणि कौलं उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. त्या माणसांना आधी छप्पर हवं होतं. बागेचं नुकसान तर एका पावसाळ्यात भरून येणारं नव्हतं, कारण सुपारीचं नवं झाड फळाला यायला काही वर्षं जातात. भूकंपात तंबू, औषधं आणि हाडांचे डॉक्टर लागतात.

आपल्या सीनेच्या पुराचं दुखणं आणखी निराळं. वरच्या भागात धो धो पाऊस पडला. सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी या धरणांतून पाणी सोडावं लागलं आणि करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांतली नदीकाठची गावं पाण्यात गेली. पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर चिखल, भिजून कोंब आलेलं धान्य, विहिरीत गाळ आणि दावणीला उपाशी जनावरं. अशा वेळी फावडी, घमेली, ब्लीचिंग पावडर, कडबा आणि मुरघास यांची किंमत बिस्किटांच्या पुड्यांपेक्षा कितीतरी जास्त असते. म्हणून देण्याआधी गावातल्या झेडपीच्या शिक्षकाला किंवा आशाताईला फोन लावा आणि ‘आज काय हवंय?’ एवढंच विचारा.

शक्य तिथं पैसाच द्या

वस्तू पाठवल्या की आपल्याला काहीतरी केल्यासारखं वाटतं. पण लांबून आलेल्या टेम्पोचं डिझेल, माल उतरवणारी माणसं, ठेवायला कोरडी जागा, हा सगळा भार त्याच गावावर पडतो. सीनेच्या पुरात सोलापूर–पुणे महामार्ग लांबोटीजवळ बंद ठेवावा लागला होता. रस्ताच पाण्याखाली असला की तुमचं सामान कुठं जाणार? पैसा मात्र एका क्षणात पोचतो. शिवाय त्या पैशातून मोहोळच्या, माढ्याच्या बाजारात खरेदी झाली की तिथल्या दुकानदाराचंही घर सावरतं. तोही पुरातच सापडलेला असतो.

जुने कपडे तर नकोच. फाटके, उसवलेले, न धुतलेले कपडे गाठोडी बांधून पाठवणं म्हणजे आपल्या घरातली अडगळ दुसऱ्याच्या दारात टाकणं. कपडे द्यायचेच असतील तर नवे द्या. आपल्या गावची चादर आणि टॉवेल आहेच की. बायकांना परकर, आतले कपडे आणि सॅनिटरी पॅड लागतात. ते मागायला त्या लाजतात, म्हणून न मागता द्या.

खायचं पाठवायची वेळ आलीच, तर आपल्या सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी यांच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. पण ती नीट करायला हवी. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळून भाकरी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मंद आचेवर तिच्यातला ओलावा पार जाईपर्यंत ठेवायची. बोटांनी मोडली की कटकन आवाज आला पाहिजे. नंतर ती पूर्ण गार होऊ द्यायची. कोमट असताना बांधली की आत वाफ धरते आणि दोन दिवसांत बुरशी येते. मग कागदात गुंडाळायची, वरून प्लॅस्टिकची पिशवी घालायची. चटणी वेगळी बांधा, नाहीतर तेलानं भाकरी मऊ पडते. अशी भाकरी चूल पेटवण्याची सोय नसलेल्या घरालाही कित्येक दिवस पुरते.

कुणाच्या हाती देतोय ते तपासा

सरकारकडं द्यायचं तर मुख्यमंत्री सहायता निधी आहे. त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरच खाते क्रमांक घ्या, कुणी पुढं ढकललेल्या निरोपातून नव्हे. नावात एखादं अक्षर इकडंतिकडं केलेली खोटी यूपीआय ओळख सहज बनवता येते. म्हणून पिन टाकायच्या आधी पडद्यावर दिसणारं खातेदाराचं नाव वाचा. तिथं संस्थेचं नाव हवं. एखाद्या व्यक्तीचं नाव दिसलं तर थांबा. आणि पैसे घ्यायला कधीच पिन लागत नाही, हे घरातल्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांनाही सांगून ठेवा. फसलातच, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार करा. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसा अडकवून धरण्याची आशा जास्त.

संस्थेला देणार असाल तर चार गोष्टी विचारा. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आहे का? देणगीदाराला प्राप्तिकराची सवलत मिळवून देणारं प्रमाणपत्र चालू आहे का? गेल्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल दाखवाल का? आणि याआधीच्या आपत्तीत काय काम केलंत? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर मिळतात. चौथ्याचं उत्तर माणसाच्या बोलण्यातून कळतं. खरं काम केलेला माणूस गावांची नावं घेऊन, अडचणींसकट सांगतो.

गल्लीतलं नोंदणी नसलेलं मंडळ डबा घेऊन फिरत असेल, तर धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क खालची परवानगी विचारा. गणपतीच्या वर्गणीसाठी मंडळं घेतात तीच ही. पोरं आपलीच असतात, त्यांच्या भावनेवर संशय नको. त्यांना कागद कसा करायचा ते शिकवा. हिशोबाची वही घालून द्या आणि शेवटी चौकातल्या फळ्यावर जमा-खर्च लिहायला लावा. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असं आपल्या गल्लीत होऊ द्यायचं नाही.

पावती घ्यायला लाजू नका

मंगळवेढा आपल्याच जिल्ह्यातलं. दुष्काळात दामाजीपंतांनी बादशहाची कोठारं उपाशी रयतेसाठी खुली केली, आणि त्यांचा जीव वाचवायला पांडुरंग विठू महाराच्या रूपानं बेदरच्या दरबारात जाऊन धान्याचे पैसे भरून आला, ही कथा तुम्ही लहानपणापासून ऐकलीत. त्यातला एक तपशील मात्र आपण विसरतो. पैसे ओतल्यावर त्यानं रसीद मागून घेतली. देवानं रसीद घेतली, तिथं आपल्याला संकोच कसला?

पावतीवर संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक, पॅन, तारीख आणि रक्कम हवी. प्राप्तिकराची सवलत हवी असेल तर दोन हजार रुपयांच्या वरची देणगी रोख देऊ नका, तिला वजावट मिळत नाही. वस्तुरूपानं दिलेल्या मदतीलाही मिळत नाही. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीला आणि मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेल्या रकमेवर शंभर टक्के वजावट आहे. बहुतेक धर्मादाय संस्थांना दिलेल्या रकमेवर पन्नास टक्के, तीही उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत. संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र मागून घ्या. नवी करप्रणाली निवडली असेल तर ही वजावट नाही. ती नाही म्हणून हात आखडता घेऊ नका. कर वाचला तर चांगलंच, पण आपण त्यासाठी देत नाही.

निम्मे पैसे मागं ठेवा

हा मंत्र सगळ्यांत महत्त्वाचा. द्यायचं ठरवलेल्या रकमेचे दोन भाग करा. एक लगेच द्या. दुसरा दोन-तीन महिन्यांनी द्या. पहिल्या आठवड्यात कॅमेरे असतात, पुढारी असतात, गाड्यांची रांग असते. दिवाळी होऊन गेली की कुणी फिरकत नाही, आणि गावाची खरी गरज तेव्हा सुरू होते. सीनाकाठी पूर आला तो रब्बीच्या ज्वारीच्या पेरणीच्या तोंडावर. माती खरडून गेलेली, मोटारी आणि पाइप वाहून गेलेले, हाताशी बियाणं नाही. त्या वेळी मिळालेली एक बियाण्याची पिशवी किंवा मोटार भरून घ्यायला दिलेले पैसे वर्षभराची चूल पेटती ठेवतात. पोरांची दप्तरं, वह्या, परीक्षेची फी याही गोष्टी तेव्हाच निघतात.

किल्लारीनंतर देशभरातून मदत आली. त्यात मला सगळ्यांत मोठं वाटतं ते भारतीय जैन संघटनेचं काम. शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातली सुमारे १२०० मुलं पुण्याला नेली आणि त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी उचलली. भूकंपाची बातमी काही दिवसांत मागं पडते, पण मूल मोठं व्हायला वर्षं लागतात. तितकी वर्षं सोबत राहणारी संस्था सापडली तर तिला धरून राहा.

ज्याचं नाव कागदावर नाही, त्याला शोधा

‘सरकार देतंय की, मग आपण कशाला?’ असं म्हणणारे भेटतील. ७ ऑक्टोबर २०२५ ला राज्य सरकारनं ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं, हे खरं आहे. पण सरकारी मदत पंचनाम्यावर आणि सातबाऱ्यावर चालते. दुसऱ्याचं रान बटईनं करणारा, रोजंदारीनं कांदा काढणारी बाई, पालावर राहणारं कुटुंब, नवऱ्याच्या नावावरची जमीन अजून स्वतःच्या नावावर न झालेली विधवा, ही माणसं त्या यादीत मागं राहतात. सरकारच्या हाताला नियमांचं बंधन आहे, आपल्या हाताला नाही. तुमचे हजार-दोन हजार इथं लागले तर त्यांचं सोनं होतं.

घेणाऱ्याचा मान राखा

कालपर्यंत हा माणूस दारात आलेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडत नव्हता. आज पाण्यानं त्याला रांगेत उभं केलं. त्याच्या हातात पिशवी देतानाचा फोटो काढू नका, पिशवीवर स्वतःचं नाव छापू नका. चार शब्द बोला, पाणी कुठवर आलं होतं ते ऐकून घ्या. आणि नुसतं बघायला म्हणून पूरग्रस्त गावात गर्दी करू नका. बचावकार्याच्या बोटी आणि रुग्णवाहिका त्याच रस्त्यानं जात असतात.

परदेशातल्या आपल्या माणसांना हे सांगा

घरातलं कुणी ना कुणी परदेशात आहेच. भारतीय पासपोर्ट असलेल्यानं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परकीय धरली जात नाही. पण तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर ती परकीय ठरते, देणारा अस्सल सोलापूरकर असला तरी. अशी देणगी घेणाऱ्या संस्थेकडं परकीय देणगी कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी किंवा परवानगी हवी, आणि पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात यावा लागतो. म्हणून ‘तुझ्या खात्यावर पाठवतो, तू वाटून टाक’ असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा आणि योग्य संस्थेचं नाव कळवा.

थोडं द्या, पण दर महिन्याला बाजूला काढा

साखर पेठेत विड्या वळून पोट भरणाऱ्या बायांनी पदराची गाठ सोडून दहा-दहाच्या नोटा डब्यात टाकलेल्या मी पाहिल्यात. फूल ना फुलाची पाकळी म्हणतात, ती हीच. तुमच्या पगारातून दर महिन्याला शंभर रुपये जरी वेगळ्या खात्यात पडत गेले, तरी संकट आलं त्या दिवशी हात रिकामा राहत नाही. कर्ज काढून, घरच्याच्या औषधाचे पैसे वळवून मात्र देऊ नका. देणारं घर उभं राहिलं पाहिजे, तर पुढच्या वेळीही देता येईल.

आता शेवटचं. पाणी घरात शिरल्यावर संस्था शोधत बसू नका, ती आजच शोधून ठेवा. या रविवारी एक आपल्या जिल्ह्यातली आणि एक राज्यभर काम करणारी, अशा दोन संस्था निवडा. त्यांचे कागद पाहा, जमलं तर कार्यालयात जाऊन या आणि नाव, नोंदणी क्रमांक, खाते क्रमांक घरातल्या वहीत लिहून ठेवा. नदीकाठच्या एखाद्या गावातल्या एका माणसाचा फोन नंबरही त्याच पानावर लिहा आणि पावसाळ्याआधी त्याला एकदा फोन करून ओळख ठेवा.